पडदा बदलून ठेवा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त आरेखक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कानांना थोडे कमी ऐकू येते, पण त्याचा या दस्ताशी एकाच ठिकाणी संबंध आहे आणि तो पुढे येईल. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दाब या विषयावर मला पुढे लिहायचे असल्यामुळे हे वाक्य मी वकिलांच्या नमुन्यातून उतरवून घेतलेले नाही, विचार करून लिहिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण माझ्याआधी मिस्त्री जाईल असे मी धरलेच नव्हते.

मिस्त्री म्हणजे माझी पत्नी. वडिलांच्या गॅरेजमध्ये ती चौदाव्या वर्षापासून काम करायची. गिऱ्हाईक येऊन विचारी, "मिस्त्री कुठे आहेत?" आणि ती गाडीखालून म्हणे, "बोला." लग्नानंतर मीही तिला मिस्त्रीच म्हणू लागलो. तिला जाऊन सात महिने झाले.

सर्वांची पूर्ण नावे व पत्ते सोबतच्या परिशिष्टात आहेत. येथे मी नात्याने लिहितो.

कलम १. राहते घर मुलगा व मुलगी यांना समान हिश्श्याने द्यावे. घरामागची शेड मात्र घरात धरू नये. शेड व तिच्याकडे जाणारी वाट एकट्या मुलीची. मी घरात राहत होतो. मिस्त्री शेडमध्ये राहत होती आणि जेवायला, झोपायला घरात येत होती. त्यामुळे या दोन जागा मला कधी एक वाटल्या नाहीत.

कलम २. बँकेतल्या ठेवी दोघांना सारख्या. कागद कपाटात डाव्या बाजूला आहेत. याहून जास्त लिहिण्यासारखे त्यात काही नाही.

कलम ३. माझा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि कंपासपेटी मुलाला. तो म्हणेल, "बाबा, आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं." होते, मान्य आहे. तरी घे. या पेटीतल्या डिव्हायडरने काय काम केले ते कलम सहामध्ये आहे, आणि त्यात तुझाही उल्लेख आहे.

कलम ४. मिस्त्रीची सगळी हत्यारे मुलीला. नटबोल्टचे पाने भिंतीवर लावलेले आहेत आणि प्रत्येकाच्या मागे भिंतीवर त्याचा आकार रंगवलेला आहे, म्हणजे कोणता जागेवर नाही ते दारातून कळते. हा क्रम बदलू नये. हातोडी कोणीही घ्यावी. ती फार कमी वापरली गेली आहे. हातोडी उचलावीशी वाटली की मिस्त्री चहा करायला घरात यायची.

कलम ५. माझा मेहुणा, म्हणजे मिस्त्रीचा धाकटा भाऊ, यास काहीही देऊ नये.

याचे कारण लिहून ठेवतो. माझ्या सासऱ्यांनीही मृत्युपत्र केले होते. त्यात गॅरेज सगळेच्या सगळे मुलाला दिले होते. पुढे एक वाक्य होते, ते मला पाठ आहे: "आवारात पडून असलेली जुनी गाडी मुलीस द्यावी, म्हणजे तिचा गाड्यांचा नाद फिटेल." तेव्हा त्या गाडीला चाके नव्हती आणि मागच्या सीटवर मांजर व्यायली होती. गॅरेजची निम्म्याहून अधिक गिऱ्हाइके मिस्त्रीच्या हाताला सरावलेली होती. मला वाटले ती रडेल, निदान चिडेल. तिने कागद वाचला, त्याची घडी घातली आणि भावाला विचारले, "गाडीची किल्ली कुठंय?"

एवढेच ती बोलली. भावाने गॅरेज बंद करून सुट्या भागांचे दुकान काढले. ती त्या दुकानाची पायरी कधी चढली नाही.

कलम ६. गाडी.

गाडी निळी आहे, चार दारांची, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मिस्त्रीने अकरा वर्षे तिच्यावर काम केले. वायरिंग तिने स्वतः केले. दाराच्या आतले कापड जुन्या रंगाशी जुळेपर्यंत चार वेळा परत पाठवले. इंजिन तीनदा उघडले, कारण दुसऱ्यांदा बंद केल्यावर तिला झोप लागेना. मी या अकरा वर्षांत तिला दिवा धरला आणि नकाशे काढून दिले. एकही वस्तू तिने "चालेल" म्हणून बसवली नाही. तो शब्द तिच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. "चालेल वेगळं आणि चालतं वेगळं," असे ती म्हणे आणि बसवलेली वस्तू पुन्हा काढी.

शेवटी राहिला तो फ्युएल पंप. टाकीतले पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा हा हाताच्या मुठीएवढा पंप असतो. इंजिन फिरले की त्याचा दांडा खालीवर होतो, आणि त्या दांड्याने पोटातला एक रबरी पडदा हलतो. त्या पडद्याला सगळे जग डायफ्राम म्हणते. मिस्त्री आणि तिचे वडील मात्र पडदाच म्हणत. हे मला माहीत होते, पण वेळेवर आठवले नाही.

ती दवाखान्यात होती तेव्हा तिने फोन केला. म्हणाली, "अहो, मशीनच्या खणात सगळं ठेवलंय. पडदा तेवढा बदलून ठेवा. जुना कडक झालाय."

मी शिलाई मशीनचा खण उघडला. आत पत्र्याचा डबा होता. त्यावर तिच्या अक्षरात "पडदा" लिहिलेले होते. हलवला तर आत कड्या वाजल्या. झोपायच्या खोलीतला पडदा उन्हाने खरोखरच कडक झाला होता. मी शिंप्याकडून नवा शिवून घेतला, लावला आणि डबा खिडकीत ठेवून दिला. फोनवर ती "पंपाचा" म्हणाली होती का, ते मला आता सांगता येणार नाही. कानाचा संबंध तो इथे.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेल्यावर मी सांगितले, "बदलला."

"तुम्ही स्वतः?" तिला फार बरे वाटलेले दिसले.

"शिवून घेतला. निळा आहे. फुलांचा नव्हता त्यांच्याकडे."

"शिवून?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. इतकी हसली की नर्स धावत आली. "काय झालं मावशी?"

"माझ्या नवऱ्यानं पंपाला निळा पडदा शिवलाय," मिस्त्री म्हणाली आणि पुन्हा हसली. मग खोकला आला. जरा थांबून मला म्हणाली, "राहू दे. घरी आले की दोन्ही बघते." आणि एक गोष्ट आणखी सांगितली: "पण गाडी चालूच झाली नाही तर नुसती उभी करून ठेवू नका. उभी गाडी म्हणजे कपाट. तिचे भाग कुणाच्या तरी गाडीला लागू देत."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिचे शेवटचे सांगणे म्हणून मी हे कलम सोमवारी असे लिहिले होते: "या दस्तावर सही होईपर्यंत गाडी स्वतःच्या इंजिनावर चालू झाली तर ती मुलीस द्यावी. न झाल्यास सुटे भाग करण्यासाठी मेहुण्याच्या दुकानात पाठवावी, कारण त्याच्याइतकी जुनी गिऱ्हाइके दुसऱ्या कोणाकडे नाहीत." सहीसाठी रविवार ठरला, कारण साक्षीदार डॉक्टर रविवारीच मोकळे असतात.

त्याआधीच्या महिन्यांत काय काय झाले ते लिहितो, म्हणजे पुढे कोणी माझ्या चुका पुन्हा करणार नाही.

पहिली चूक माझी. पडदा बदलण्यासाठी मी पंप स्वतः काढायला गेलो; नवा पडदा बाजारातून आणू असे ठरवले होते, कारण खणातल्या त्या डब्यात कड्याच आहेत असे मी अजूनही धरून होतो. पंपाला इंजिनावर बसायला दोन कान असतात. मी बोल्ट सोडवण्याऐवजी आवळत होतो. एक कान तुटला. मिस्त्री असती तर मागून नुसती "अहो, उलटं" म्हणाली असती. आता नुसत्या पडद्याने भागणार नव्हते, पंपच दुसरा हवा होता.

नाइलाजाने मी मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "भाऊजी, ते जुनं मॉडेल विसरा. नव्या गाडीचा इलेक्ट्रिक देतो. पेट्रोल धबाधबा येईल!"

"दाब किती असेल?"

"भरपूर!"

मी चौतीस वर्षे तिसऱ्या मजल्यावर पाणी चढावे म्हणून नळांचे नकाशे काढले आहेत. भरपूर दाब हा शब्द ऐकून मला आनंदच झाला. त्याच्या माणसाने पंप बसवून दिला. मी किल्ली अर्धी फिरवली. पंप गुणगुणला आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उतू जाऊन इंजिनावर सांडू लागले. मला वाटले, आले एकदाचे. मुलगी त्या दिवशी घरी होती. ती प्रयोगशाळेत रक्त तपासते, आणि नाक आईचे घेतले आहे. ती स्वयंपाकघरातून ओरडतच आली. "बाबा, किल्ली फिरवू नका! कशालाही हात लावू नका!" तिने बॅटरीची वायर काढली. एखादी ठिणगी पडती आणि हे मृत्युपत्र लिहायला मी उरलो नसतो.

त्या दिवशी तिने शेडमध्ये खिळ्याला लटकलेली आईची वही काढून माझ्यापुढे ठेवली. मी ती तोवर उघडली नव्हती. त्यातले एक पान येथे उतरवतो, ते या दस्ताचा भाग समजावे:

"पंप बदलायची वेळ आली तर. दाब अडीच ते तीन पौंड. जास्त नको. कार्बोरेटरात एवढीशी सुई असते, ती भरलं की दार लावते. तिच्या अंगात जेवढं बळ तेवढंच पेट्रोल ढकलावं. दांड्याची लांबी आणि वाक जुन्याशी ताडून बघणे. भोकं जुळली म्हणजे पंप जुळला असं नाही. नळी आत कुठून येते, बाहेर कुठून जाते ते बघणे. खालचं पॅकिंग जेवढं जाड होतं तेवढंच घालणे. पडदा नव्या पेट्रोलला टिकणारा हवा, जुनं रबर त्यात कडक होतं. चालेल म्हणणाऱ्याकडून घेऊ नये."

तीन पौंड दाबाने पाणी पहिल्या मजल्यावरसुद्धा चढत नाही, उंच माणसाच्या डोक्यापर्यंत येऊन थांबते. आमच्या खात्यात त्याला दाब म्हणत नाहीत, तक्रार म्हणतात. आमच्या गल्लीत लेथ चालवणाऱ्या टर्नरने मीटर लावून बघितले, मेहुण्याच्या पंपाचा दाब पंचेचाळीस होता. इतक्या थोड्या दाबाची इतकी काळजी घेणाऱ्या बाईबरोबर मी चाळीस वर्षे राहिलो आणि मला हे तिच्या वहीतून कळले.

मग मुलाने इंटरनेटवरून नवा पंप मागवला. जुन्यासारखाच दिसणारा, दांड्याचा, दोन्ही भोके बरोबर. मी विचारले, "दांडा मोजलास का?"

"बाबा, याच गाडीला लागतो असं लिहिलंय. चालेल."

मी दोन्ही दांडे ट्रेसिंग पेपरवर काढले, एकावर एक ठेवले आणि डिव्हायडरने मोजले. नवा तीन मिलिमीटर आखूड होता आणि त्याचा वाकही वेगळा होता. इंजिनाच्या आतला, दांडा ढकलणारा कॅम फिरला असता आणि दांड्याला जेमतेम शिवून गेला असता. टर्नरने चष्मा वर करून कागद पाहिला आणि म्हणाला, "साहेब, मिस्त्रींनी पण हेच पकडलं असतं. फक्त त्यांना कागद नसता लागला. नुसता अंगठा फिरवला असता."

मुला, हे तुला टोचायला लिहिलेले नाही. तू पंप आणलास म्हणून तर माझ्या पेटीचा उपयोग झाला.

यानंतर मला दुसरा मार्ग दिसेना. म्हणून सोमवारी कलम लिहिले आणि बुधवारी मेहुण्याला कळवले की गाडी बहुधा तुझ्याकडे येईल. गुरुवारी तो आला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो शेडमध्ये शिरला.

"न्यायला आलास का?" मी विचारले.

तो सरळ गाडीकडे गेला. बॉनेट उघडून वाकून बघत राहिला. "हे वायरिंग ताईनं केलं?"

"मग कुणी?"

"बाबांना एवढं सरळ जमत नसे." मग त्याने खिळ्यावरची वही घेतली आणि ते पान उभ्या उभ्या वाचले. शेवटच्या ओळीवर त्याने बोट ठेवले. "हे माझ्यासाठी आहे."

"असेल."

तो निघून गेला. मला वाटले, रागावला. तासाभराने परत आला तेव्हा काखेत सुतळीने बांधलेले एक खोके होते. खोक्यावर माझ्या सासऱ्यांच्या अक्षरात याच गाडीचा नंबर होता. आत पंप. न वापरलेला.

"माळ्यावर होता," तो म्हणाला. "बाबांनी या गाडीसाठीच घेऊन ठेवलेला. ताईला माहीत होतं."

"आणि तू मला इलेक्ट्रिक विकलास?"

"तुम्ही पंप मागितला, हा नाही मागितला."

"अकरा वर्षं, अरे. दिला का नाहीस तिला?"

"तिनं मागितला नाही, मी दिला नाही." तो गाडीकडे बघत होता. "एकाच बापाची पोरं ना, भाऊजी."

मी ट्रेसिंग पेपर काढला. दांडा रेघेवर रेघ बसला. नळ्यांची तोंडे बरोबर, कान बरोबर.

शनिवारी मुलगी आली, टर्नर आला, मेहुणाही आला. बसवण्यापूर्वी पंप उघडला. आतला पडदा इतकी वर्षे पडून पुठ्ठ्यासारखा झाला होता. बोट लावताच तडकला. सही दुसऱ्या दिवशी होती. टर्नर हताश होऊन म्हणाला, "आता उद्यापर्यंत पडदा कुठून आणायचा?"

मुलीने मान वर केली. "काका, पडदा म्हणजे?"

"डायफ्राम हो. मिस्त्री पडदा म्हणायच्या."

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या खिडकीत एक डबा आहे. आईच्या अक्षरात त्यावर काय लिहिलंय?"

"त्यात पडद्याच्या कड्या आहेत."

"उघडून बघितलात?"

बघितला नव्हता. मिस्त्रीने ठेवलेल्या वस्तू उघडणे मला सात महिने जमलेले नव्हते. मुलीने डबा आणून उघडला. काळा नवा पडदा, दोन लहान झडपा, एक स्प्रिंग आणि सहा स्क्रू. वाजत होते ते स्क्रू. तळाशी चिठ्ठी होती: "अहो, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एकदम एकच नाही. आणि उजवीकडे फिरवा."

 मेहुण्याने सुतळी गुंडाळायला घेतली आणि बराच वेळ गुंडाळत राहिला. सहाही स्क्रू मी आवळले. उजवीकडे.

रविवार सकाळ. पंप बसवला, खाली पॅकिंग जुन्याच जाडीचे घातले. मुलगी चाकामागे बसली. पंपाच्या डोक्यावर काचेची लहान वाटी असते. पहिल्या किल्लीला ती रिकामीच राहिली. दुसऱ्या किल्लीला तिच्या तळाशी पेट्रोल दिसले. तिसऱ्या वेळी वाटी भरली, इंजिन एकदा खोकले आणि सुरू झाले. कुठूनही थेंब सांडला नाही. टर्नरने मीटर लावला. पावणेतीन पौंड.

डॉक्टर फाटकातून येत होते, ते तिथेच उभे राहिले. म्हणाले, "हा आवाज मिस्त्रींच्या गाडीचा?" मी होय म्हणालो. 

म्हणून कलम ६ मधील सोमवारी लिहिलेला सुट्या भागांबद्दलचा मजकूर मी खोडला आहे. खोडलेल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. गाडी मुलीची. ती तिला नाद फिटावा म्हणून दिलेली नाही.

कलम ७. कलम पाचमध्ये पुढील दुरुस्ती करावी. मेहुण्यास त्याचाच इलेक्ट्रिक पंप खोक्यासह परत द्यावा. तो त्याने दुकानात दिसेल असा ठेवावा आणि जुन्या गाडीचा माणूस आला की विकायच्या आधी त्याला मिस्त्रीचे ते पान वाचून दाखवावे. पानाची प्रत मी स्वतः काढून दिली आहे. गॅरेजबद्दलची माझी तक्रार मी मागे घेत नाही. मात्र ती मुलांना वारसा म्हणून देत नाही, माझ्याबरोबर संपली असे समजावे. त्याला गाडीत बसायचे असल्यास मुलीने नाही म्हणू नये. पुढच्या सीटवर.

कलम ८. झोपायच्या खोलीतला निळा पडदा मी असेपर्यंत काढू नये. नंतर मुलीने वाटल्यास बदलावा. मात्र कोणाला सांगताना कोणता पडदा ते नीट सांगावे.

या दस्ताची अंमलबजावणी मुलीने करावी.

हे सर्व मी वाचून पाहिले व ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. पुढे कोणी माझी सही नेहमीच्या सहीशी ताडून पाहिल्यास ती जुळणार नाही, अक्षरे थरथरलेली आहेत. ते वयाने नाही, आजाराने नाही आणि कोणाच्या दबावाने तर नाहीच. कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवलेला आहे, आणि मुलगी इंजिन बंद करायला तयार नाही.

(सही)
मृत्युपत्र करणार

वरील सही आमच्या दोघांच्या समोर झाली व आम्ही एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. सही करणाऱ्याची नाडी पाहिली. जरा जलद आहे, बाकी प्रकृती व मन ठीक.

साक्षीदार २: (सही) टर्नर. गाडी चालते.

ठिकाण: घरामागची शेड
दिनांक: नऊ फेब्रुवारी, रविवार, सकाळचे साडेअकरा